सोमवारची रांग

आमच्याकडे माणूस दाखल झाला की सगळ्यात आधी आम्ही त्याच्या चपला काढून घ्यायचो. घड्याळ, पाकीट, कपडे हे नंतर. चपला एका कपाटात कुलपाआड जायच्या आणि पुढचे दहा दिवस तो माणूस अनवाणी. ऐकणाऱ्याला हे क्रूर वाटतं, पण आमच्या फाटकाला कधी कुलूप नसायचं. ज्याला पळायचं तो पळू शकत होता आणि पळायचाही. फक्त बोरिवलीच्या रस्त्यावर भल्या सकाळी आम्ही दिलेल्या इस्त्रीच्या शर्टातला, पायात काहीच नसलेला माणूस दिसला की भाजीवाल्यापासून सगळ्यांना कळायचं, हा परबसिस्टरचा. नाक्यावरचा एक रिक्षावाला तर अशांना स्वतःहून आणून सोडायचा आणि वर मलाच ऐकवायचा, "सिस्टर, तुमचा पेशंट फिरायला आला होता. जरा लक्ष ठेवा ना."

मीच ती परबसिस्टर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बाजारात अजून याच नावाने हाक येते. मूळची लालबागची, घरात मालवणी, बाहेर समोरचा बोलेल ती भाषा, आणि जिभेला हाड नाही अशी माझी लहानपणापासूनची ख्याती. उमेदीची वर्षं गर्दुल्ल्यांचे पाय चेपण्यात जाणार आहेत असं नर्सिंग शिकताना मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी टोपी परत करून घरी गेले असते. आज मात्र छाती पुढे काढून सांगते, दुसरं कुठलंही काम मला इतकं चांगलं जमलं नसतं.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. गर्दचं व्यसन तेव्हा मुंबईला नवीन होतं. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीवर तपकिरी पूड ठेवायची, खालून काडी धरायची आणि वर येणारा धूर नळीने ओढायचा. सुरुवातीला मजा म्हणून, आणि थोड्याच दिवसांत, ओढल्याशिवाय अंथरुणातून उठता येत नाही म्हणून. बंद केलं की शरीर उलटं फिरतं. आधी जांभया येतात, मग नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हाडं पिळवटून निघतात, उलट्या होतात, जुलाब होतात. पोरं याला 'टर्की' म्हणायची. चार-पाच दिवस हे चालतं. अशा वेळी नर्सने काय करायचं, तर गरम पाण्याने आंघोळ घालायची, पाय चेपायचे, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजायचं आणि शिव्या खायच्या. आठव्या दिवशी तोच माणूस चार चमचे साखरेचा चहा मागायला स्वयंपाकघरात यायचा आणि मान खाली घालून विचारायचा, "सिस्टर, मी काय उलटसुलट बोललो काय?" मी म्हणायची, "काय नाय रे, माझ्या आईची चौकशी करत होतास."

औषधं डॉक्टर द्यायचे. आमचे डॉक्टर पुण्याचे, अभ्यासू, हळू आवाजाचे, माणूस म्हणून सोनं. पण एक गोष्ट त्यांना पुस्तकात सापडली नव्हती आणि मला चाळीत वाढल्यामुळे आधीच ठाऊक होती. व्यसनी माणूस रोज, उद्यापासून सोडतो, असं म्हणतो. महिन्या-दोन महिन्यांत एखादाच दिवस असा उगवतो की तो खरोखर म्हणतो, मला घेऊन चला. तो दिवस संध्याकाळपर्यंत टिकला तरी पुष्कळ. त्या दिवशी खाट मिळाली तर मिळाली.

आणि आमच्याकडे खाटा होत्या बारा, एकेक खाट दीड-दोन महिने अडकलेली. नॅशनल पार्कच्या कडेला एका ख्रिस्ती कुटुंबाचा जुना बैठा बंगला आमच्या ट्रस्टने घेतला होता, त्यात याहून जास्त मावत नव्हत्या. म्हणून सोमवारी सकाळी नंबर लावायचा दिवस ठेवला होता. बायका, आया, बाप, भाऊ, आपापल्या माणसाला धरून किंवा नुसतेच, मालाडपासून गोवंडीपर्यंत कुठून कुठून यायचे. डॉक्टरांच्या दृष्टीने ती नावनोंदणी होती. माझ्या दृष्टीने तपासणी. मी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची, माणसाच्या डोळ्यांत बघायची, हाताची बोटं बघायची, बायकोला दोन प्रश्न विचारायची. एखाद्याचा 'तो' दिवस आला आहे असं दिसलं, तर त्याचा नंबर विसावा असला तरी मी त्याला आत घ्यायची आणि पॅसेजमध्ये तेरावी गादी टाकायची.

"सिस्टर, हे नियमात बसत नाही," डॉक्टर म्हणायचे.

"पॅसेजमध्ये बसतंय ना? मग झालं तर."

ज्यांना घेता येत नसे त्यांना मी एक भाषण द्यायची, तेही रांगेतच, उभ्याउभ्या. घरी कोंडून ठेवू नका. ठेवलंच, तर पाणी बंद पडू देऊ नका. मीठ-साखर घालून चमच्याने पाजा. उलटी झाली तर परत पाजा. ही काही औषधी विद्या नाही, पण आम्ही आत जे करत होतो त्यातला अर्धा भाग हाच होता.

आता ही रांग उभी कुठे राहायची, तर फाटकासमोर जागाच नव्हती. गल्ली अरुंद, आणि समोरच्या सोसायटीच्या दारात चार रुंद पायऱ्या, वर छज्जा, सावली. लोक तिथे बसायचे. बसून बसून तिथेच आडवे व्हायचे. कुणी ओकायचं. एकदा सोसायटीच्या बागेतला पितळी नळ गेला. नळ आमच्याच रांगेतल्या कुणीतरी नेला असणार हे मला तेव्हाही माहीत होतं, पण मी ते कबूल केलं नाही. आज करते.

सोसायटीचे सेक्रेटरी टिपणीस. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, ताठ, दाढी रोज गुळगुळीत, आणि तक्रार लिहावी तर त्यांनीच. टंकलिखित, तीन प्रती, विषय, संदर्भ, खाली लाल शाईने रेघ. "सोमवारी प्रातःकाळी आमच्या पायऱ्यांवर भरणारी जत्रा" हे शब्द त्यांच्या पहिल्या पत्रातले. मला राग यायच्या ऐवजी हसू आलं होतं.

हसू मावळलं ते बंगल्यावर मजला चढवायचं ठरलं तेव्हा. ट्रस्टला एक देणगीदार मिळाला होता. वर चौदा खाटा होणार होत्या. नकाशे तयार झाले, परवानगीचे कागद पालिकेत गेले आणि आम्ही मोठ्या आनंदाने फाटकाला सूचना चिकटवली. ती टिपणिसांनी चष्मा लावून वाचली. आठवड्याभरात गल्लीतल्या चारही सोसायट्यांची सह्यांची हरकत पालिकेत पोचली. आमच्या आर्किटेक्टने सांगितलं, शेजाऱ्यांनी हरकत मागे घेतली तर हे काम होईल, नाही तर फाईल कपाटात पडून म्हातारी होईल.

टिपणिसांनीच सभा बोलावली. गच्चीवर सतरंज्या, पुरुष पुढे, बायका मागे, डॉक्टर आणि मी खुर्च्यांवर. डॉक्टरांनी 'व्यसन हा आजार आहे' इथपासून सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला लोक एकमेकांशी बोलायला लागले.

"आजार आहे तर हॉस्पिटलात ठेवा ना," मागून एक गुजराती काका म्हणाले. "इधर कशाला?"

"आमच्या मुली क्लासला जातात या गल्लीतून. उद्या काय झालं तर तुम्ही येणार काय, डॉक्टर?"

"बारा आहेत तर ही हालत. सव्वीस झाले तर वाट लागली ना आमची!"

मी उठले आणि बोलले, आणि मला जे बोलता येतं तेच बोलले. म्हणजे भांडले. तुमच्याही घरात पोरं आहेत, देव न करो, असं काहीसं माझ्या तोंडून निघालं आणि बायकांच्या बाजूने एकदम आवाज चढला. तेव्हा टिपणीस उभे राहिले. त्यांनी हात वर केला आणि गच्ची शांत झाली.

"परबबाई, तुम्ही तीन वर्षं आमच्यासमोर राहता. घरावर पाटी नाही. आत काय चालतं ते कुणी सांगितलं नाही. शेजारी म्हणून एकदा चहाला बोलावलंत? आज मजला पाहिजे म्हणून आम्ही आठवलो."

पेशंटची नावं बाहेर जाऊ नयेत म्हणून आम्ही पाटी लावली नव्हती, हे खरं, पण चहाला बोलवायला पाटी लागत नाही. त्या दिवशी आम्ही हात हलवत परत आलो.

दोन दिवसांनी टिपणीस गल्लीत भेटले. सभेतला आवाज नव्हता, साधा शेजाऱ्याचा आवाज होता. "बाई, मी तुमचा शत्रू नाही. लोकांना आत काय आहे त्याचं काही नाही, बाहेर जे दिसतं त्याचं आहे. मला माझ्या पायऱ्या मोकळ्या करून द्या. दोन महिने मोकळ्या राहिल्या तर हरकत मागे घ्यायचं पत्र मी स्वतः टाईप करतो. बाकीच्यांना समजावणं माझ्याकडे लागलं."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी त्यावर एक झकास तोडगा काढला आणि त्याचा मला अभिमानही वाटला. रांगच बंद. यापुढे कुणी यायचं नाही, पोस्टकार्ड टाकायचं. नाव, पत्ता, किती दिवसांचं व्यसन. आम्ही नंबर कळवू, पाळी आली की बोलावू. डॉक्टर खूश झाले, कारण आता सगळं वहीत क्रमाने येणार होतं. पुढच्या सोमवारी मी रांगेला हे समजावून सांगितलं, प्रत्येकाच्या हातात पत्ता लिहिलेला कागद दिला आणि घरी पाठवलं. त्याच्या पुढच्या सोमवारी पायऱ्यांवर फक्त ऊन होतं. टिपणीस बाल्कनीत उभे होते, त्यांनी मला पाहून मान हलवली. मी पण हलवली.

कार्डं यायला लागली. मी दुपारी बसून ती लावायची आणि वळणदार अक्षरात उत्तरं लिहायची. माझं अक्षर चांगलं आहे. 'आपला क्रमांक बारावा आहे. पाळी आल्यावर कळवण्यात येईल.' सहा आठवडे असे गेले.

सातव्या आठवड्यात एका दुपारी फाटकात टिपणीसकाकू उभ्या. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्या फाटकाला हात लावला नव्हता. बुटक्या, गोऱ्या, घरातल्या सुती साडीत, हाताला पीठ तसंच.

"सिस्टर, जरा विचारायचं होतं. ती सुनंदा कशी आहे?"

"कोण सुनंदा?"

"अहो, सोमवारी यायची ती. मालाडची, टिकल्यांच्या पाकिटांचं काम करते. नवरा विलास, बाइंडिंगच्या कारखान्यात होता."

मला चेहरा आठवला. माझ्याशी मालवणीत बोलायची, सावंतवाडीकडची. सहा-सात सोमवार सलग आली होती, नवऱ्याशिवाय एकटीच. दर वेळी मी विचारायची, काय म्हणतो? ती म्हणायची, अजून नाय म्हणतत. मी म्हणायची, मग पुढच्या सोमवारी ये.

"तुम्ही कशा ओळखता तिला?"

काकूंनी मागे वळून आपल्या बाल्कनीकडे पाहिलं. "आमचं स्वयंपाकघर पायऱ्यांच्या बाजूला आहे ना. खिडकीतून चहा द्यायची मी तिला. ह्यांना माहीत नाही. एवढ्या लांबून येते, उपाशी बसते, आपण आत पोळ्या लाटतोय, बरं दिसतं का? बोलायची मग ती गजांमधून. तिने मला सांगितलं होतं, काकू, तो हो म्हणाला की मी धावत येणार. ती आलीच नाही, म्हणून म्हटलं, हो म्हणाला नसेल. पण मनाला चैन पडेना."

मी आत जाऊन कार्डांचा गठ्ठा काढला. तिचं कार्ड सापडलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, अक्षर शाळकरी. 'ते आता हो म्हणतात. आज हो म्हणाले. लवकर बोलवा.' त्याच्या कोपऱ्यात माझ्याच हाताने लिहिलेलं, नववा क्रमांक, कळवले. हे कार्ड आल्याला तीन आठवडे होऊन गेले होते. 'आज हो म्हणाले' हे शब्द मी वाचले होते. वाचून नंबर घातला होता. तीच बाई समोर उभी असती, तर मी तिचा चेहरा पाहिल्याबरोबर पॅसेजमधली गादी झटकायला घेतली असती. हे मला जितकं नक्की माहीत आहे तितकं आयुष्यात फार थोडं माहीत आहे.

"काकू, चपला घाला," मी म्हटलं. "मालाडला जाऊन येऊ."

कार्डावरचा पत्ता एका पिठाच्या गिरणीमागचा होता. खोलीचं दार उघडंच होतं. सुनंदा जमिनीवर बसून टिकल्या कागदावर चिकटवत होती. कपाळ मोकळं होतं. काकूंनी ते पाहिलं आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या.

सुनंदा उठली, तिने आम्हाला पाणी दिलं. रडली नाही. तिच्या आवाजात रागही नव्हता, हेच मला जास्त लागलं.

"तुमचा कार्ड इला, सिस्टर. नववो नंबर. तेंका वाचून दाखयलय. ते म्हणाले, नववो म्हणजे केदवा? मी म्हटलंय, म्हयनो तरी जायत. तर म्हणाले, म्हयन्यान माझा मन ऱ्हवाचा नाय, तू आताच भायरसून कडी घाल." तिने टिकल्यांचा कागद बाजूला सारला. "तेंनीच सांगल्यानी. मी कडी घातलंय. चार दिस उलटी आणि जुलाब. पाणी पोटात ऱ्हवाच नाय. मी पाणी देवचा बंद केलंय. माका वाटला, इष भायर पडता, पडांदेत."

पाचव्या दिवशी तो शेजाऱ्यांच्या मदतीने दवाखान्यात नेतानेताच गेला. टर्कीने माणूस सहसा मरत नाही. तो मेला अंगातलं पाणी संपून. मीठ-साखरेच्या पाण्याचं माझं ते रांगेतलं भाषण दर सोमवारी तिच्या कानावर पडत असे, पण तेव्हा नवरा नाहीच म्हणत होता, तिने ते कशाला ध्यानात ठेवावं? ज्या आठवड्यात ते तिला ऐकायची गरज होती, त्या आठवड्यात मी रांग बंद करून सुवाच्य अक्षरात कार्डं लिहीत बसले होते.

परत येताना रिक्षात काकू एवढंच म्हणाल्या, "आपल्या पायऱ्यांपायी झालं हे." मी म्हटलं, पायऱ्या तुमच्या होत्या, कार्डं माझी होती. मी ते समजूत घालायला म्हटलं नव्हतं. खरंच तसं होतं आणि आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिपणिसांच्या दारात उभी राहिले. त्यांचे दोन महिने भरायला दोनच आठवडे राहिले होते. पत्राचा मसुदा त्यांच्या टेबलावर तयार होता, त्यांनी तो मला दाखवलाही, मोठ्या कौतुकाने.

"टिपणीससाहेब, ते पत्र राहू द्या," मी म्हटलं. "या सोमवारपासून रांग परत सुरू करते आहे. तुम्हाला हरकत घ्यायची तर घ्या. मजला नाही झाला तरी चालेल."

"डोकं ठिकाणावर आहे काय, बाई? होत आलेलं काम..."

मी त्यांना सगळं सांगितलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चहाची गोष्ट मी गाळणार होते, पण काकूंनीच मध्ये सांगून टाकली. टिपणिसांनी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मसुद्याकडे. मी निघून आले. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते डोकं धरून बसले. "सिस्टर, चौदा खाटा होत्या हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मला त्यांचं वाईट वाटलं, पण निर्णय चुकला असं एक क्षणभरही वाटलं नाही.

सोमवारी रांग लागली. कार्डं पाठवलेल्या सगळ्यांना मी उलट टपाली कळवलं होतं, की स्वतः या. त्यामुळे रांग पूर्वीपेक्षाही मोठी. टिपणिसांनी त्याच संध्याकाळी गच्चीवर सभा बोलावली. मला वाटलं, आता आपली हजामत. डॉक्टरांना मी घरीच ठेवलं आणि एकटी गेले.

या वेळी मी भांडले नाही. मी म्हटलं, "आज सकाळी तुमच्या पायऱ्यांवर जे बसले होते ते तुम्ही बघितलेत. त्यांची घाण तुम्ही धुतलीत. तुमचा नळ त्यांच्यातल्याच कुणीतरी नेला, हे पण मी मानते. पण एक ऐका. त्यातला एकही आमचा पेशंट नव्हता. आमचे बारा आत आहेत, तुम्हाला ते दिसतसुद्धा नाहीत. तुम्हाला जे दिसतात ते जागा न मिळालेले. तुम्हाला भीती वाटते सव्वीस आत आले तर काय. अहो, चौदा आत गेले की तुमच्या पायऱ्यांवरचे चौदा कमी होतील. गल्लीत गर्दी आहे ती आमच्या खाटांमुळे नाही, खाटा नाहीत म्हणून आहे."

मागच्या सभेतले गुजराती काका म्हणाले, "ये तो पहिले बोलायचं ना, सिस्टर."

"तेव्हा मला पण सुचलं नव्हतं," मी म्हटलं. खरंच सुचलं नव्हतं.

मग बायकांच्या बाजूने टिपणीसकाकू उठल्या. नवऱ्याच्या सोसायटीत त्या सभेत पहिल्यांदाच बोलत असाव्यात, कारण टिपणिसांनी दचकून मागे पाहिलं. काकूंनी विलासचं नाव घेतलं, सुनंदाचं नाव घेतलं, आणि खोलीत काय पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. ना उपदेश, ना रडणं. शेवटी म्हणाल्या, "सहा सोमवार पायऱ्या स्वच्छ होत्या. मला त्या बघवत नाहीत आता." आणि बसल्या.

सगळे तयार झाले असं नाही. दोन घरांनी शेवटपर्यंत सही दिली नाही, आणि त्यातलं एक घर नंतर गल्ली सोडून गेलं. ते चुकीचे होते असंही मी म्हणत नाही. तरण्या मुली घरात असताना मी तिथे राहत असते, तर कदाचित मीही सही दिली नसती. पण बाकीच्यांनी हरकत मागे घेतली. टिपणिसांचं पत्र माझ्याकडे पुष्कळ वर्षं होतं. त्यात अटी होत्या, अर्थात. रांगेसाठी सोसायटीच्या कंपाउंडात पत्र्याची शेड ट्रस्टने बांधावी. पाटी लावावी. नवीन नळ ट्रस्टने बसवावा, तो प्लास्टिकचा असावा. आणि शेवटची अट, "रांगेतील व्यक्तींनी चहासाठी सौ. टिपणीस यांना त्रास देऊ नये." ही अट टाईप केलेली होती आणि निळ्या पेनने खोडलेली होती. ती खोडणारा हात टिपणिसांचा नव्हता, एवढं शाईवरून कळत होतं.

मजला झाला. पेशंट वर हलवायच्या आदल्या दिवशी मी खाटा लावून, नव्या चादरी घालून, उरलेल्या चादरी मोजत होते, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. टिपणीसकाकू आणि त्यांच्यामागे सुनंदा. काकू मधूनमधून मालाडला जात होत्या हे मला ठाऊक होतं, पण त्या तिला आज घेऊन येतील असं वाटलं नव्हतं. सुनंदाने चप्पल दाराबाहेर काढली. दोन्ही बाजूंना सात-सात खाटा होत्या. ती मधल्या वाटेने हळूहळू शेवटपर्यंत चालत गेली आणि परत आली. मग माझ्यासमोर उभी राहून तिने विचारलं,

"ह्यातली तेंची खयची झाली असती, सिस्टर?"

काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला दिसलं की सुनंदा उगाच विचारत नाही, तिला खरंच उत्तर हवं आहे. मी तिचा हात धरला, तिला खिडकीकडच्या तिसऱ्या खाटेपाशी नेलं आणि म्हटलं, "ही."

ती काठावर बसली. उशीवर हात ठेवला, बाहेर बघितलं, गादी एकदा दाबून पाहिली. मग उठली आणि तिच्या बसण्याने चादरीला पडलेली सुरकुती दोन्ही हातांनी ओढून सरळ केली.

"बरी आसा," ती म्हणाली. "हय झोप लागली असती तेंका."